आधी आई दाखवा

सिन्नर तालुक्यात हल्ली ‘डबल बोन’ लॅब्राडोरचं फॅड आलंय. विकणारा पिल्लाचा पुढचा पाय दोन बोटांत धरतो, आपल्यालाही दाबून बघायला लावतो आणि म्हणतो, “हाड बघा शेठ, हाड! डबल बोन आहे. सिंगल बोनवालं पाहिजे तर तेही आहे, पण मग परत म्हणू नका.” शेठ दाबून बघतो, हाताला काहीतरी जाड लागतं, आणि शेठ दोन-चार हजार जास्तीचे मोजतो. गंमत अशी की कुत्र्याच्या पुढच्या पायात कोपराखाली रेडियस आणि अल्ना अशी दोन हाडं असतातच. एसटी स्टँडवर वडापावचा कागद चाटत बसलेल्या खंड्यालाही ती आहेत. त्याला कुणी सांगितलेलं नाही, नाहीतर त्यानेही भाव वाढवून मागितला असता. ‘डबल बोन’ नावाची जात जगातल्या कुठल्याच केनेल क्लबच्या यादीत नाही. ती फक्त आपल्या व्हॉट्सअॅपवर पैदा होते.

बैलजोडी घ्यायला निघालेला आपला शेतकरी काय काय करतो, ते आठवा. बैलाचं तोंड उघडून दात बघतो, खूर बघतो, चार पावलं चालवून घेतो, जमलं तर औताला जुंपून बघतो, आणि खोंड कुणाच्या दावणीचा, गाय कशी होती, इथपर्यंत चौकशी करतो. त्याचाच मुलगा मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीतून सुटल्यावर मोबाइलवर एका पिल्लाचा फोटो बघतो, ‘सो क्यूट’ म्हणतो आणि फोनवरून अॅडव्हान्स पाठवतो. पिल्लू कुठं जन्मलं, कुणाच्या पोटी जन्मलं, ती जिवंत आहे का, हे विचारायचं त्याच्या मनातही येत नाही. अंगणात बसलेल्या बापाला विचारायचंही कुणाला सुचत नाही. त्याने निदान दात तरी बघितले असते. पिल्लाचे दुधाचे दात तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास दिसू लागतात आणि आठव्या आठवड्यापर्यंत बहुतेक सगळे, म्हणजे अठ्ठावीस, येऊन जातात. ‘दोन महिन्यांचं आहे’ म्हणून विकलेल्या पिल्लाचं तोंड उघडलं की खरं वय हिरडीवरच कळतं.

मग संध्याकाळी मोहदरी घाट ओलांडून एक गाडी येते. हायवेवरच्या कुठल्याशा हॉटेलसमोर थांबते. डिकीत बिस्किटांचं खोकं, खोक्यात वर्तमानपत्र, वर्तमानपत्रावर ओल, आणि त्या ओलीत झोपलेलं पिल्लू. डोळ्यांच्या कोपऱ्यात चिकटा, शेपटीखाली पिवळा डाग, कानामागे खाजवून खाजवून गेलेले केस. पोट मात्र टम्म. “बघा कसं गुटगुटीत आहे,” विकणारा म्हणतो. ते पोट जंतांनी फुगलेलं असतं. जंतांच्या अळ्या आईच्या पोटातच पिल्लात उतरतात, म्हणून जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून सुरू करायचं असतं. “आणि स्वभावाने एकदम शांत बरं का!” शांत कसलं, त्याला उभं राहायची ताकद नाही.

चार-पाच दिवसांनी उलट्या सुरू होतात, मग रक्ताचे जुलाब. डॉक्टर म्हणतात पार्वो, आपण म्हणतो गॅस्ट्रो, आणि विकणारा म्हणतो, “आमच्याकडं तर मस्त खेळत होतं. तुमचं पाणी बाधलं असेल.” उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या तालुक्याला हे ऐकवायला जिगर लागते. हा पार्वो विषाणू १९७८च्या सुमारास जगभर पसरला. तो अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात, म्हणजे पिल्लू गाडीत चढलं तेव्हाच बहुधा आजार बरोबर घेऊन आलं होतं. तो फरशीवर, मातीत महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून पहिलं पिल्लू गेल्यावर आठवड्याभरात ‘पोरं रडतात हो’ म्हणून आणलेलं दुसरंही त्याच कोपऱ्यात जातं. त्याचेही पैसे विकणाऱ्याला पोचलेले असतात.

जी पिल्लं जगतात त्यांची कथा आणखी लांब आहे.

सहा महिन्यांनी तक्रारी सुरू होतात. घरात घाण करतो. एकटं ठेवलं की भिंत खरवडतो. पाहुणा आला की सोफ्याखाली शिरतो, आणि बाहेर ओढायला गेलं की चावतो. कुकरची शिट्टी झाली की मुततो. घरातली माणसं निदान करतात: “माजलाय.” उपाय म्हणून साखळी येते. साखळीने तो आणखी चावरा होतो, मग साखळी आखूड होते.

आता याच तालुक्याच्या पूर्वेकडे, वावी-पाथरेच्या बाजूला, धनगराचा वाडा हलताना बघा. घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर पाय बांधलेल्या कोंबड्या, शेजारी दोन दिवसांची कोकरं, आणि त्यांच्यात घुसून बसलेली कुत्रीची पिल्लं. खाली आई चालतेय. तिच्या गळ्यात बिबट्यासाठी खिळ्यांचा पट्टा. त्या पिल्लाने डोळे उघडले तेच मेंढ्यांच्या पायांत. त्याने चूल बघितली, पोरं बघितली, ट्रकचा हॉर्न ऐकला, परक्या गावची कुत्री बघितली. मेंढीला दात लावायचा नाही, हे त्याला कुठल्या ट्रेनरने शिकवलं नाही. एकदा मेंढ्याची ढुशी बसली, एकदा आई गुरकावली, विषय संपला. भावंडांशी कुस्ती करताना जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ मोडतो, एवढ्यावरून कुत्र्याला आयुष्यभराचं कळतं की दाताचा जोर कुठं थांबवायचा.

अमेरिकेतल्या बार हार्बर नावाच्या गावी जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोघा शास्त्रज्ञांनी कित्येक वर्षं शेकडो पिल्लं वाढवून हेच तपासलं आणि १९६५ साली जाडजूड पुस्तक लिहिलं. निष्कर्ष असा की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जग ओळखून घेतं. या दिवसांत ज्याची ओळख झाली ते त्याचं आपलं, ज्याची झाली नाही त्याची भीती पुढे सहजी जात नाही. वाड्यावरच्या आजीबाईंना १९६५पर्यंत थांबावं लागलं नव्हतं, एवढाच फरक.

कुत्र्यांच्या कारखान्यात नेमके हेच आठवडे चोरले जातात. पत्र्याच्या शेडमध्ये, नाहीतर गच्चीवर जाळी मारून पिंजरे लावलेले असतात, एकावर एक. पिल्लाला माणूस दिसतो तो खाणं टाकणारा हात, तोही मनगटापर्यंत. पाचव्या आठवड्यात आई सुटते, कारण लहान पिल्लू जास्त ‘क्यूट’ दिसतं आणि जेवढं लवकर जाईल तेवढा खाण्याचा खर्च वाचतो. घरात घाण करण्याचंही कोडं इथंच उलगडतं. मोकळं पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की झोपायच्या जागेपासून लांब जाऊन शी करू लागतं. पिंजऱ्यातलं कुठं जाणार? ते जिथं झोपतं तिथंच करायला शिकतं. पुढे तुम्ही त्याचं नाक घाणीत घासता आणि त्याला कळत नाही की हा गुन्हा कधीपासून झाला.

हे नुसतं भूतदयेचं बोलणं नाही. फ्रँकलिन मॅकमिलन या पशुवैद्याने सहकाऱ्यांसह २०१३ साली एक तुलना छापली. पेट शॉपमधून घेतलेली ४१३ कुत्री एकीकडे, घरगुती ब्रीडरकडून घेतलेली ५,६५७ दुसरीकडे. वागणुकीच्या १४ कसोट्यांपैकी १२ कसोट्यांत दुकानातली कुत्री मागे पडली, आणि एकाही कसोटीत पुढे गेली नाहीत. घरच्या माणसावर गुरकावणं, परक्यावर धावून जाणं, दुसऱ्या कुत्र्याची धास्ती, एकटेपणाची घालमेल, घरात घाण, सगळं त्या यादीत आहे. म्हणजे ‘माजलाय’ म्हणून आपण ज्याला बडवतो, तो बहुतेक वेळा घाबरलेला असतो.

आणि आई? फोटोत ती कधीच नसते. फोटोत गुलाबी टॉवेल असतो.

कुत्री साधारण वर्षातून दोनदा माजावर येते आणि ६३ दिवसांत विते. धंद्याचं गणित एवढ्यावर चालतं. एकही माज फुकट घालवायचा नाही. दरवेळी दूध आटायच्या आत पिल्लं उचलायची आणि पुढच्या ‘क्रॉसिंग’ची तारीख धरायची. चार-पाच वर्षांत तिचं पोट आणि सड जमिनीला टेकतात, अंगावर केस राहत नाहीत, गर्भाशयात पू होतो, सडांत गाठी येतात. मग तिला हायवेला सोडतात. ‘ओरिजनल जर्मन शेफर्ड रस्त्यावर कसा?’ असा प्रश्न पडलाच, तर आधी ती मादी आहे का बघा आणि मग तिचे सड बघा.

मॅकमिलननेच २०११ साली अशा कारखान्यांतून सुटलेल्या १,१६९ कुत्र्यांचा अभ्यास छापला होता. चांगल्या घरी गेल्यावरही त्यांना परक्या माणसाची भीती होती, जिन्याची भीती होती. अंगाला हात लागला की ती शहारत. काही तर रिकाम्या भिंतीकडे टक लावून बसत. जिना कधी बघितलाच नसेल तर भीती वाटणारच. पिंजऱ्याला जिना नसतो.

आपल्याकडे याला कायदा नाही असं कृपा करून कुणी म्हणू नका. कायद्याच्या बाबतीत आपण गर्भश्रीमंत आहोत. केंद्र सरकारने २३ मे २०१७ रोजी कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम काढले. ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. मादी दीड वर्षाची होईपर्यंत तिच्यावर नर सोडायचा नाही, आठ वर्षांनंतरही नाही. जन्मात पाचपेक्षा जास्त वेतं नाहीत. पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्याशिवाय विकायचं नाही. पुढच्या वर्षी, २०१८ साली, पेट शॉपचेही नियम आले. सगळं कागदावर इतकं सुंदर आहे की वाचून डोळे पाणावतात. डोळे पुसून झाले की १९६०चा मूळ कायदा उघडा: प्राण्याला क्रूरपणे वागवण्याच्या पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आता धड मिसळही येत नाही. एका पिल्लाला दहा हजार घेणारा माणूस हा दंड खिशातल्या सुट्ट्यांतून भरेल आणि वर पावती नको म्हणेल.

इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२० पासून ‘लुसीज लॉ’ लागू आहे. लुसी ही वेल्समधल्या एका पपी फार्मवरून २०१३ साली सोडवलेली छोटी स्पॅनियल कुत्री. विऊन विऊन तिचा पाठीचा कणा वाकला होता. तिच्या नावाच्या कायद्याने सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू दुकानदाराने किंवा दलालाने विकायचंच नाही. ज्याने पैदास केली त्याच्या दारात जायचं, आणि पिल्लू आईसोबत बघूनच घ्यायचं. एवढंच कलम. आपल्या बैलबाजाराला हे आधीपासून माहीत आहे.

हौसेचंही जरा बोलू. २००३ साली टीव्हीवर एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग पोराच्या मागेमागे चालला आणि देशभर पगच पग झाले. चपटं नाक गोड दिसतं, पण त्यातून हवा जात नाही. बिचारा घोरतो, धापा टाकतो, उन्हाळ्यात कोसळतो. पगचं झालं, मग हस्की. सैबेरियातल्या बर्फात गाडी ओढणारं जनावर आपण चैत्रात, पत्र्याच्या शेडखाली, एमआयडीसीच्या वाऱ्यात बांधतो आणि ‘एसी लावतो ना रात्री’ म्हणतो. भारनियमनाचं वेळापत्रक हस्कीला वाचता येत नाही. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री असतात. चारही बिनपेपरची. पण ती दारात बांधली तर शेजारी विचारत नाहीत ना, ‘केवढ्याला घेतलं?’

हौस फिटली की पावसाळ्याच्या तोंडावर हीच जनावरं मळ्यात सोडली जातात. ‘वस्तीवर राखण होईल.’ शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तो २०१६ साली छापून आला. तिथल्या बिबट्याच्या आहारात वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला, शेळ्या-मेंढ्यांपेक्षा जास्त. सिन्नरचा ऊस आणि सिन्नरचे बिबटे काही वेगळे नाहीत. साखळीला बांधलेल्या लॅब्राडोरचे पेपर तो मागत नाही.

ज्यांना बिबट्या नेत नाही, त्यांच्यासाठी आता आपण एक नवा उपाय काढलाय. तो उपाय पुन्हा पिंजराच आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी आदेश दिला की शाळा, दवाखाने, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्टेशनं इथली भटकी कुत्री उचलून, नसबंदी आणि लसीकरण करून निवाऱ्यात ठेवायची. परत तिथं सोडायची नाहीत. बसस्थानक म्हटलं की आपलं सिन्नरचं आलंच. मूळ चिंता खोटी नाही. रेबीज झाला की माणूस वाचत नाही, आणि ज्या बाईच्या पोराला कुत्रं चावलंय तिला कुत्र्याच्या मनःस्थितीवर व्याख्यान द्यायला मी जाणार नाही. माझा प्रश्न त्या ‘निवारा’ या गोंडस नावापुरता आहे. ज्या गावांनी मोकाट गुरांचे कोंडवाडे धड चालवले नाहीत, ती गावं कुत्र्यांचे निवारे चालवणार. चारा कुणी खाल्ला हा कोंडवाड्याचा जुना प्रश्न, आता पेडिग्री कुणी खाल्ली असा होईल.

निवाऱ्यात काय होतं हेही मोजलं गेलंय. मायकेल हेनेसी यांनी सहकाऱ्यांसह १९९७ साली दाखवलं की कोंडल्यानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत कुत्र्याच्या रक्तातलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं रसायन, घरच्या कुत्र्यापेक्षा कितीतरी वर चढलेलं असतं. शंभर कुत्री एका छपराखाली भुंकली की आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. विसर्जनाच्या डीजेविरुद्ध आपण एका रात्रीसाठी पोलिसांत जातो, तिथं रोजच विसर्जन. एकाचा खोकला आठवड्यात सगळ्या शेडला लागतो, पाठोपाठ डिस्टेंपर आणि पार्वो. महिनोन्‌महिने कोंडलेलं कुत्रं एकाच जागी गोल फिरायला लागतं, जाळी चावून दात घासून टाकतं. दत्तक घ्यायला कुणी आलंच तर ते मागच्या भिंतीला अंग चिकटवून बसतं, आणि येणारा पुढच्या जाळीवर शेपूट हलवणारं उचलून नेतो. घाबरलेलं मागेच राहतं आणि आणखी घाबरट होतं.

‘आम्ही श्वानप्रेमी’ म्हणणाऱ्यांनी इथं फार माना डोलवू नयेत. दोन खोल्यांत साठ कुत्री कोंबून फेसबुकवर क्यूआर कोड टाकणं हाही कारखानाच झाला. फक्त माल बाहेर जात नाही.

यावर उपाय फार महागडा नाही. माणसाने शांतपणे बसून पाठीवरून हात फिरवला तरी ते कॉर्टिसोल उतरतं, हेही मोजलंय. २०१९च्या एका अमेरिकन अभ्यासात पाच निवाऱ्यांमधली कुत्री एक-दोन रात्री कुणाच्या तरी घरी झोपायला नेली, तर ताण कमी झाला. परत आणल्यावर तो पूर्वीच्या पातळीला गेला, म्हणजे दोष जागेचाच. आजारी, जखमी, चावरं कुत्रं आत ठेवा, बरं होईतो ठेवा, चांगलं घर मिळेतो ठेवा. बाकीच्यांची नसबंदी आणि रेबीजची लस हे १० मार्च २०२३च्या नियमांनी नगरपरिषदेवर टाकलेलं काम आहे. ते दरवर्षी, सलग झालं असतं तर स्टँडवर आज पकडायला एवढी कुत्री उरलीच नसती. पण नसबंदीचं उद्घाटन करता येत नाही, फीत कापायला जागा मिळत नाही. निवाऱ्याला कोनशिला बसवता येते.

तेव्हा पिल्लू घ्यायचंच असेल तर विकणाऱ्याला तीनच गोष्टी विचारा. आई दाखवा. राज्य मंडळाचा नोंदणी क्रमांक दाखवा. जन्मतारीख सांगा, मी दात बघतो. ‘आई गावाला आहे’ असं उत्तर आलं तर फोन ठेवा, अॅडव्हान्स गेला तरी चालेल. आणि पेपरची हौस नसेल तर आपल्याच गल्लीत बघा. गावठी पिल्लाची आई दाखवायला दलाल लागत नाही. पिल्लू उचललं की ती स्वतःच मागे येते. तिची नसबंदीही तेवढ्यातच करून घ्या. पिल्लाला सहाव्या ते आठव्या आठवड्यात पार्वो-डिस्टेंपरची पहिली लस आणि तीन महिन्यांचं झालं की रेबीजची. मात्र तेही आठ आठवड्यांच्या आत घरी आणू नका.